हा कुठला?

रायपूरच्या भनपुरीत दुपारी दोनला उभं राहायचं तर आधी नाकातोंडाला रुमाल बांधा. बांधलात? आता बघा. बिलासपूर रस्त्यावर ट्रकांची रांग लागली आहे. रोलिंग मिलच्या पत्र्यांमागे लोखंडावर लोखंड आपटतंय. हातातल्या चहावर पाच मिनिटांत काळी साय धरलीय. ती बोटाने बाजूला सारा आणि प्या, इथे सगळे तसाच पितात. आणि पायाखाली काय काय आहे! लालभडक लोहखनिज, कोळशाचा चुरा, भट्टीतलं लोहकीट, चुनखडकाचे करडे तुकडे. सगळं कुठून कुठून येताना ट्रकमधून सांडलेलं. वाका आणि त्यातला एक करडा तुकडा उचला. हो, तोच, कांद्याच्या चकतीसारख्या रेघा असलेला. खिशात टाका. पुढे लागेल.

फोन चहावाल्याकडे ठेवा. डोळे मिटायला मी सांगत नाही, कारण डंपर गेला की धुळीने ते आपोआप मिटतात. उघडाल तेव्हा डंपर नसेल.

डंपरच्या जागी बैल आहेत. दहावीस नाहीत, दीडदोनशे. पाठीवर दोन्ही बाजूंनी गोण्या, शिंगांना कवड्या नि लाल चिंध्या, आणि वास असा की रुमाल असून नसल्यासारखा: शेण, घाम, ओल्या गोणपाटाचा आंबूस दर्प, मधूनच शिजणाऱ्या भाताची वाफ. हा वंजाऱ्यांचा तांडा आहे. छत्तीसगडचं धान्य घेऊन नागपूरला निघालाय, येताना मीठ आणील. रायपूर इथून दोन कोसांवर, नजरेच्या टप्प्यात फक्त तळी, धानाची कापलेली शेतं आणि आंब्याच्या राया. मुलूख नागपूरकर भोसल्यांचा. तुम्ही मराठी बोललात तर कोणी चमकणार नाही. फार तर वसुलीला आलेला कमाविसदाराचा माणूस समजून दोन पावलं मागे सरकेल. अंगावरची पँट गेली आहे हे एव्हाना तुमच्या लक्षात आलं असेल. धोतर नीट खोवा, चालायचं पुष्कळ आहे.

नागपूरला किती दिवसांत पोचू, असं तांड्याच्या नायकाला विचारू नका. बैल चालतील तितके दिवस. शिवनाथ ओलांडाल, साकोलीच्या जंगलात रात्री कुत्री एकाएकी गप्प झाली की अंगावर काटा येईल, वैनगंगेत गुडघाभर पाण्यात उभे राहून टाचांच्या भेगा धुवाल. एका रात्री चुलीपाशी म्हातारी तुम्हाला विचारील, "कोठी चाललास रे बाबू?" तिला सांगा, एका माणसाला भेटायला. तो गोटे गोळा करतो. ती हसेल, आणि तिचं बरोबरच आहे. वाटेत कोट्यवधी गोटे पडलेले असताना ते गोळा करायला माणूस कशाला लागतो?

हा माणूस म्हणजे स्टीफन हिस्लॉप. नागपूरकराला हे नाव नवं नाही. हिस्लॉपला ॲडमिशन मिळाली, हिस्लॉपच्या गेटवर भेट, असं तिथे रोज शंभरदा म्हटलं जातं. पण ते कॉलेज. माणूस कोण, असं विचारलंत तर दहातले आठ जण खांदे उडवतील, आणि त्या माणसाच्या नावाचा एक दगडही आहे हे ऐकून उरलेले दोघेही.

तुम्ही शहरात शिराल ते इतवारीकडून. आधी कानाला कळतं की नागपूर आलं: गल्लीच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत कोष्ट्यांचे माग, खटक-खट, खटक-खट. रेशीमकाठी धोतरं विणली जातायत. रंगाच्या हंड्यांतून येणारी वाफ घशाला झोंबते, नाल्यात निळं पाणी वाहतंय, आणि कुठल्याशा घरातून मसाला भाजल्याचा असा ठसका येतो की अख्खा तांडा खोकतो. गर्दीत तुमच्या पायावर बैल पाय देईल. ओरडू नका, कोणी बघणारसुद्धा नाही. जुम्मा तलावाला वळसा घाला, धोब्यांचे फटके ऐकत पुढे व्हा. समोर सीताबर्डीची काळी टेकडी दिसते तिच्या आसपास त्याचं बिऱ्हाड आहे. मिशनरी आहे तो, स्कॉटलंडहून आलेला, शाळा चालवतो. धर्म सांगायला आलाय, आणि त्या कामाबद्दल गावात कुरबुरी आहेत, असणारच. तो विषय आज राहू द्या. आपण दगडांच्या वाटेने आलोय.

बिऱ्हाडावर कळतं की साहेब घरी नाही. टाकळीला गेलाय. वैशाखात, भर दुपारी. (तांडा निघाला तेव्हा हिवाळा होता, हे मला ठाऊक आहे. पण नागपूर बघायचं तर त्याच्या उन्हासकट.)

टाकळी म्हणजे आजच्या काटोल रोडकडची, पोलीस लाईनची. शेजारच्या वस्तीचं नाव गिट्टीखदान, म्हणजे दगडाशी नातं पत्त्यातच आलेलं. आत्ता तिथे वस्ती नाही. पळसाची झुडपं, तापून पांढरं पडलेलं माळरान, आणि एक खोदलेली कड. ऊन डोक्यावर बसलेलं नाही, खांद्यावर हात ठेवून उभं आहे. वहाणेच्या चामड्यातून जमीन भाजते. गरम वाऱ्याने ओठ फुटतात, जिभेने ओले करावे तर धूळच जिभेवर येते. वडार लोक सावलीला बसलेत: भाकरी, फोडलेला कांदा, मिरचीचा ठेचा. त्यांची पहार उन्हात पडली होती, तिला हात लावू नका. लावलात ना? असो.

कडेच्या बुडाशी उकिडवा बसलेला लालबुंद माणूस तोच. घामाने अंगरखा पाठीला चिकटलाय. हातात लहान हातोडी. तो दगड फोडत नाही, आधी वाचतो. तुम्हीही वाचा. वर काळा दगड आहे, आपला नेहमीचा काळा कातळ. उन्हापावसाने तो गोल गोल सुटलाय, कांद्यासारखे पापुद्रे निघतात. खालीही तोच काळा दगड. पण मधोमध, पोळीच्या दोन पदरांत पुरण असावं तसा, एक वेगळाच मळकट थर दबलेला आहे. जाडी फार नाही. त्यावरून हजारो बैलगाड्या गेल्या असतील, कोणाची नजर गेली नाही.

हिस्लॉप त्या थरातला एक चपटा तुकडा काढतो, हातोडीने कडेला टिचकी मारल्यासारखं मारतो, तुकडा उघडतो आणि तुमच्यापुढे धरतो.

गोगलगाय. नखाएवढी. पोट फुगलेलं, टोक बोथट, शेवटच्या वेढ्यावर एक चीर. टोक वर करून धरा आणि तोंड बघा: डाव्या बाजूला उघडतंय. तुम्ही समुद्रावर वेचलेले बहुतेक शंख उजवीकडे उघडतात, ही डावखुरी आहे. या जातीला फायसा म्हणतात. तिच्या शेजारी मोहरीएवढे दाणे पसरलेत, तेही दाणे नव्हेत. दोन झडपांच्या कवचात राहणारे पाणकिडे आहेत. एक बी आहे. लाकडाचा एक तुकडा आहे, त्याचा दगड झालाय तरी रेषा जिथल्या तिथे. हे गोड्या पाण्यातले जीव. म्हणजे जिथे तुमचे पाय भाजतायत तिथे तळं होतं. एकदा लाव्हा आला, थिजला, त्यावर पाऊस पडला, तळं साचलं, गोगलगाई आल्या, काठाला झाडं आली, कितीतरी पिढ्या नांदल्या आणि मग दुसरा लाव्हा आला. आज आपण म्हणतो सुमारे साडेसहा कोटी वर्षांपूर्वी. हिस्लॉपला हा आकडा माहीत नाही. त्याला एवढंच माहीत आहे की खाली आग, वर आग आणि मध्ये तळं, आणि तेवढ्यावर तो उन्हात हसतोय.

तो वडाराच्या पोरापाशी जातो. त्याचं मराठी पुस्तकी आहे, ‘ळ’ची पार फजिती होते.

"हा दगड कुठला, बाळ?"

"इथलाच जी, साहेब."

"इथला म्हणजे वरचा की खालचा?"

पोरगं डोकं खाजवतं. मग उठून जातं आणि बोट नेमकं त्या थरावर ठेवतं. हिस्लॉप खूश. (हे बोलणं माझ्या पदरचं आहे. थर, गोगलगाय आणि ऊन मात्र खरं.)

आता मळकट थर सोडा आणि बाजूच्या काळ्या दगडाच्या पोकळीत बघा. हिरवं काहीतरी चमकतंय. कोवळ्या गवताचा हिरवा. काचेसारखं वाटेल, पण काच नव्हे. फोडलं तर तिरक्या विटांसारखे ठोकळे पडतात, चाकूने सहज ओरखडा उठतो. हा कॅल्साइट, चुन्याचाच भाऊबंद, त्यात हिरवी मातकट खनिजं मिसळल्याने रंग चढलेला. इथला नमुना समुद्रापलीकडे जाईल, डब्लिनचा सॅम्युएल हॉटन त्याचं पृथक्करण करील आणि १८५९ मध्ये त्याला नाव देईल: हिस्लोपाइट. हिस्लॉपचा सोबती रॉबर्ट हंटर याच्या नावानेही एक हंटराइट होईल. पुढच्या शास्त्रज्ञांनी मात्र निकाल दिला की हिस्लोपाइट हे काही स्वतंत्र खनिज नव्हे, रंगीत कॅल्साइटच. खनिजांच्या घराण्यात दत्तक घेतलं आणि नंतर सातबारावरून नाव काढलं, असा प्रकार. मला विचाराल तर याने त्या दगडाचं काही बिघडलं नाही. हिरवा तो हिरवाच.

ऊन कलल्यावर परत फिरा. तेलंगखेडीच्या तळ्यावर तोंड धुवा. या भागातल्या तळ्यांतही हा माणूस हात घालून बसतो म्हणे, आणि खोटं नाही ते: पाण्यातल्या काटक्यांवर पापुद्र्यासारखी वाढणारी एक सूक्ष्म जीवांची वसाहत त्याने मुंबईच्या हेन्री कार्टरला दाखवली आणि कार्टरने तिचं नाव ठेवलं हिस्लोपिया. दगडाचं नाव गेलं, पण हे टिकलं.

रात्री सीताबर्डीला त्याच्या ओसरीवर या. उकाडा तसाच आहे, फक्त अंधारात. दिव्याला एरंडेलाचा वास, त्याभोवती किडे, कोणीतरी पंख्याची दोरी ओढताना डुलक्या खातंय. टेबलावर, जमिनीवर, खिडकीत दगड. चालताना बघून पाय टाका. एकीकडे सिलेवाड्याच्या नि कामठीच्या बाजूचा वाळूचा दगड, त्यावर जिभेच्या आकाराची पानं उमटलेली, शिरांच्या जाळीसकट. ग्लॉसोप्टेरिस. दुसरीकडे दक्षिणेच्या मांगलीहून आलेला तांबडा दगड, आणि त्या दगडात एक कवटी. हात लावा. पसरट, बेडकाच्या आणि मगरीच्या मधली काहीतरी, डोळ्यांच्या खोबण्या पार पुढे, थोबाडाजवळ. ही लंडनला गेल्यावर रिचर्ड ओवेन तिला ब्रॅकिऑप्स म्हणेल. डायनोसॉर हा शब्द ज्याने काढला तोच ओवेन. मांगलीच्या खाणीत मात्र या कवटीला कोणी काय म्हटलं असेल याची मी पैज लावतो: "हे काय भूत निघालं बाप्पा!"

गोगलगाईंना कापूस, पानांना कागद, कवटीला चिंध्या. सगळं लाकडी पेटीत, पेटी बैलगाडीत, गाडी मुंबईला, तिथून जहाज. आणि प्रत्येक तुकड्याबरोबर एक चिठ्ठी. कितीही दमला असला तरी चिठ्ठी लिहिल्याशिवाय तुकडा गुंडाळत नाही. टाकळी. तेलंगखेडी. मांगली. सिलेवाडा. तुम्ही त्याच्या खांद्यावरून वाचताय. लंडनच्या जिऑलॉजिकल सोसायटीच्या नियतकालिकात नागपूरच्या आसपासच्या भूगर्भावर त्याचा नि हंटरचा लेख येईल तेव्हा त्यातही अशीच आपली गावं ओळीने येतील. टाकळी आणि मांगली तिथल्या थंड खोल्यांत मोठ्याने उच्चारली जातील, कोण जाणे कशी. शब्दही तो असेच गोळा करतो. गोंडांकडून ऐकलेलं लिंगोचं गाणं त्याने उतरवून ठेवलंय.

आता तो तुमच्याकडे वळतो. तुम्ही काहीतरी आणलंय हे त्याला दिसलंय, खिसा ओघळलाय.

द्या त्याला तो भनपुरीचा तुकडा. तो दिव्याखाली धरतो, चाकूने ओरखडा काढतो, बाटलीतून तेजाबाचा एक थेंब सोडतो. फसफस. चुनखडक. मग त्या रेघांवर बोट फिरवतो, घुमटावर घुमट चढवल्यासारख्या, आणि बराच वेळ बोलत नाही. तुम्हाला माहीत आहे की छत्तीसगडच्या चुनखडकात अशा रेघा अतिप्राचीन सूक्ष्मजीवांनी थरावर थर चढवून केलेल्या असतात, टाकळीच्या गोगलगायीच्या पणजीची पणजीही जन्मली नव्हती तेव्हा. सांगावंसं वाटतं ना? पण तो आधी विचारतो.

"हा कुठला?"

"भनपुरीचा."

"खाणीतला?"

"नाही. रस्त्यावर पडला होता."

"रस्त्यावर कुठून आला? थर आडवा होता की कललेला? वर काय होतं, खाली काय होतं?"

तुम्ही गप्प. ट्रकमधून सांडलेल्या दगडाला वर काय नि खाली काय. तो रागावत नाही. अगदी सौजन्याने तुकडा तुमच्या हातात परत ठेवतो, जसा आपण चुकीच्या पत्त्यावर आलेला लिफाफा पोस्टमनला परत देतो, आणि पुन्हा कापूस घेऊन बसतो. एवढा ओशाळा मी भनपुरीच्या सोसायटीच्या मीटिंगमध्येही कधी झालो नव्हतो. खरा संग्राहक कोण हे त्या क्षणी कळतं. सुंदर दगड कोणीही उचलतो. नाशिकजवळ सिन्नरच्या गारगोटी संग्रहालयात जाऊन बघा, आपल्याच काळ्या दगडाच्या पोटात केवढी झुंबरं निघतात. तिथे बघणाऱ्याचं तोंड उघडंच राहतं. हिस्लॉपकडे झुंबरं कमीच. त्याच्याकडे मळकट तुकडे आणि त्यांचे पत्ते.

आता शेवटचा मुक्काम. सप्टेंबर, १८६३. वंजारी नाहीत, छावणी आहे. नागपूरपासून दक्षिणेला टाकळघाट. पाऊस लागून राहिलाय. काळी माती वहाणेला धरते, चार पावलांत पाय शेरभर जड होतो. ज्वारी कमरेला आली आहे, पानांवरून पाणी सोडते. गवतात मोठाले धोंडे गोलाकार मांडलेत. एक वर्तुळ, पलीकडे आणखी एक, आणखी. ओली शेवाळ, बेडकांचा गजर, माशा. गावकरी दुरूनच बघतायत, आत पाय टाकत नाहीत. हिस्लॉपबरोबर इंग्रज सरकारचा मुख्य आयुक्त रिचर्ड टेंपल आहे. मागच्या जमान्यातल्या माणसांनी मयतासाठी रचलेली ही वर्तुळं आहेत. शंभरएक वर्षांनी नागपूर विद्यापीठाचे शां. भा. देव इथे रीतसर खणतील आणि मडकी निघतील, लोखंडी हत्यारं निघतील. वाका. मातीचा वास घ्या. गंजाचा आहे, तुमच्या ओळखीचा.

या दगडांची चिठ्ठी लिहायची गरज नाही. ते जिथे ठेवले तिथेच आहेत. बहुधा म्हणूनच तो त्यांच्यामधून इतका निवांत फिरतोय, सेहेचाळिशीला टेकलेला, गुडघे चिखलाने माखलेला.

मंडळी छावणीकडे निघतात. तो मागे राहतो. गावातल्या शाळेची पोरं तपासायची आहेत. ऐका, पत्र्याचं छप्पर नाही, गवताचं आहे, तरी पावसाचा आवाज पोरांच्या आवाजाला खातोय: बे एके बे, बे दुणे चार. संध्याकाळ होते. तो घोड्यावर बसतो. वाटेत एक नाला आहे. सकाळी तुम्ही तो वहाणा हातात घेऊन ओलांडलात, आठवतंय? वरच्या अंगाला दिवसभर पडलंय.

तुम्ही त्याला थांबवू शकत नाही. तोंड उघडलंत तर भनपुरीचा धूर बाहेर येईल. तो तुमच्या शेजारून जातो, तुम्हाला ओळखतो, खिशाकडे बघून हसतो आणि विचारतो, "कळलं का, कुठला ते?" मग अंधार. त्या रात्री तो नाल्यात बुडाला.

नागपुरात आज हिस्लॉप कॉलेज ज्या रस्त्यावर आहे त्याचं नाव टेंपल रोड. देवळाचा रस्ता नव्हे, त्या दिवशी पुढे निघून गेलेल्या टेंपलचा. गोंडांची ती गाणी आणि शब्द टेंपलनेच पुढे छापून आणले. अजब बंगला, म्हणजे नागपूरचं मध्यवर्ती संग्रहालय, त्याच १८६३ सालचं. आणि टाकळघाटच्या शेजारी आता बुटीबोरीची एमआयडीसी आहे. तिथल्या चहावरही पाच मिनिटांत साय धरत असणार.

डोळ्यांत धूळ गेली ना? डंपर गेला. बिलासपूर रस्ता. रोलिंग मिल. चहावाल्याकडून फोन घ्या, त्याने तो गल्ल्यात नीट ठेवलाय. धोतर गेलं, पण टाचांच्या भेगा तशाच आहेत, त्या माझ्या नावावर.

समोर चुनखडकाचा ट्रक उभा आहे. ड्रायव्हर टायरला लाथ मारून हवा बघतोय. खिशातला तुकडा काढा, ट्रकमधल्या ढिगाशी लावून बघा. रेघा जुळतात. विचारा त्याला.

"भैया, ये पत्थर कहाँ का है?"

तो तुमच्याकडे बघतो, दगडाकडे बघतो. पंचवीस वर्षांत हा प्रश्न त्याला कोणी विचारलेला नाही. मग तोंडातला गुटखा बाजूला थुंकून तो एका खाणीचं नाव सांगतो, तिथला वळणरस्ता सांगतो, उरलेलं हाताने दाखवतो: वर लाल मुरूम, त्याखाली हा, आणि खाली पाणी लागलं म्हणून खोदणं थांबलं. चहाचं बिल फाडा आणि मागच्या कोऱ्या बाजूला लिहून घ्या. पेन त्याच्याकडेच मागा.

"और आप कहाँ के हो, साहब?" तो विचारतो. "बोली से तो नागपुर तरफ के लगते हो."